समुद्री चाचे रेडिओ: नाव निवेदकांचं झालं, पण डोलकाठी कुणी उभी ठेवली?

मध्यमलहरी (धागाकर्ता)

रेडिओ कॅरोलाइन, रेडिओ लंडन, हॉलंडचं व्हेरोनिका. देशाच्या सागरी हद्दीबाहेर जहाज नांगरून चालवलेल्या या केंद्रांबद्दल काहीही वाचायला घ्या, तीच नावं येतात: टोनी ब्लॅकबर्न, जॉनी वॉकर, केनी एव्हरेट, जॉन पील. १४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्री ब्रिटनने कायदा करून हा उद्योग बेकायदा ठरवला. ३० सप्टेंबरला बीबीसीने रेडिओ वन सुरू केलं आणि यातले बरेच आवाज तिकडे जाऊन बसले. त्यांचं भलं झालं, तक्रार नाही.

पण जरा चित्र डोळ्यांपुढे आणा. जुनंपुराणं जहाज, त्यावर साधारण १६५ फुटांचा मनोरा, पोटात १० किलोवॉटचे दोन ट्रान्समीटर, खाली उत्तर समुद्र, महिना जानेवारी. यात गाणी लावणारा दिसतो. ते गाणं हवेत जावं म्हणून पाना घेऊन फिरणारा कुणाला दिसत नाही.

तर प्रश्न असा: अभियंत्याच्या नजरेने या सगळ्यात सगळ्यात अवघड काय होतं? माझं मत, मनोरा. ट्रान्समीटर, जनरेटर, टेपमशीन पैसे टाकले की मिळतात. हलत्या जहाजावर उभा राहणारा मनोरा दुकानात मिळत नाही.

शंकासूर

पहिली शंका आमचीच. १० किलोवॉट म्हणजे काय हो? आकाशवाणीची मोठी केंद्रं १०० किलोवॉट आणि त्याच्याही वर. एवढ्याशा शक्तीवर अर्धं इंग्लंड कसं ऐकत होतं?

ग्रीड_लीक

शंकासूर, उत्तर जहाजाखालीच आहे. मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या पाठीला चिकटून जातात आणि ती पाठ जितकी चांगली वाहक तितकी लहर कमी झिजते. समुद्राचं पाणी साध्या मातीपेक्षा शेकडो पट चांगलं वाहक, कोरड्या खडकापेक्षा हजारो पट.

दुसरा फायदा अर्थिंगचा. जमिनीवरच्या केंद्रात मनोऱ्याभोवती १२० तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरतात, प्रत्येक तार पाव तरंगलांबीची. तरी मातीत शक्ती वाया जातेच. पोलादी जहाजाला यातलं काहीच लागत नाही, बुडाचा पत्राच पाण्यात आहे. लाकडी जहाज असेल तर मात्र बाहेरून तांब्याचे पत्रे ठोकावे लागतात.

तिसरं, मनोऱ्याची उंची. कॅरोलाइन जाहिरातीत स्वतःला १९९ म्हणवायची, प्रत्यक्षात लहर होती १५२० किलोहर्ट्झ, म्हणजे १९७ मीटर. त्याचा पाव हिस्सा ४९ मीटर, म्हणजे १६२ फूट. आता वरचा १६५ चा आकडा बघा. ती उंची कुणी हौसेने ठरवलेली नाही. पाव तरंगलांबीच्या मनोऱ्याचा तळाशी रोध ३६ ओहमच्या आसपास असतो. १० किलोवॉट घातले की १६-१७ अँपियर. सगळं कसं शिस्तीत.

मध्यमलहरी

म्हणजे मनोराच महत्त्वाचा! धन्यवाद, निकाल लागला. :)

तांडेल

थांबा, एवढ्यात गुलाल उधळू नका. मनोऱ्याचं खरं दुखणं उंची नाही, रुंदी आहे. जमिनीवर ५० मीटरचा मनोरा ताणाच्या तारांनी धरायचा तर तारा ३०-३५ मीटर लांब रोवतात. जहाजावर आडवी जागा किती? रुंदी आठ मीटर धरली तर मध्यापासून काठापर्यंत चार मीटर. म्हणजे तार मनोऱ्याला जवळजवळ चिकटून खाली येते, पाच अंशांहूनही कमी कोनात. टोकाला आडवा एक किलोचा धक्का बसला की तो पेलायला तारेत बारा किलोहून जास्त ताण यावा लागतो. आणि तोच ताण मनोऱ्याला वरून खाली दाबतो. वारा मनोरा आडवा पाडत नाही, तारांकरवी त्याला चेपून वाकवतो.

पुढे-मागे लांबी भरपूर असते, तिथे चिंता नाही. संकट कायम बाजूचं.

म्हणून रोजचं काम म्हणजे टर्नबकल (तार ताणायचा पेचाचा सांधा) तपासणं. हेलकाव्यात तार एका बाजूला ढिली पडते, दुसऱ्या बाजूला ताणली जाते. ढिली तार परत ताणली जाताना झटका बसतो आणि शॅकलची (जोडकडीची) पिन त्या झटक्याने झिजते. टर्नबकलला तार बांधून कुलूप केलं नसेल तर कंपनाने तो आपोआप उलगडतो. सगळ्या तारा सारख्या ताणात हव्यात. एकच जास्त आवळली तर मनोरा धनुष्यासारखा पोट काढतो.

दर्यावर्दी_नाही

टोकाला नेमका किती झटका बसत असेल? अंदाज आहे का कुणाला?

ग्रीड_लीक

गणित सोपं आहे. जहाज एका बाजूला २० अंश झुकतं आणि एक पूर्ण हेलकावा ८ सेकंदांचा, असं धरा. ५० मीटर उंचीवर त्वरण येतं सुमारे १०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वाकर्षण ९.८. म्हणजे टोकावरची प्रत्येक वस्तू दर चार सेकंदांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे स्वतःच्या वजनाहून जास्त जोराने खेचली जाते. वाऱ्याचा जोर यात धरलेलाच नाही.

चिवडावाला

थोडक्यात, टोकावर बसलेल्या समुद्रपक्ष्याला फुकटात आकाशपाळणा.

खडपे_पाटील

प्रक्षेपण चालू असताना बसला तर आकाशपाळण्याबरोबर तंदूरही.

तांडेल

:) पक्ष्याला काही होत नाही, तो कशालाच टेकलेला नसतो. माणसाचं होतं. डेकवर पाय आणि मनोऱ्याला हात, की हाताच्या आरपार भाजतं. विजेच्या शॉकसारखा झटका जाणवत नाही, आधी वास येतो, मग कळतं.

ग्रीड_लीकच्या गणितात एक भर. हेलकाव्याचा काळ ८ ऐवजी ६ सेकंद केला तर तेच त्वरण १९ वर जातं. लोक म्हणतात, मनोरा उंच आहे ना, मग तळाला भरपूर वजन टाका. चूक. वजन कमी पडलं तर जहाज कलंडण्याची भीती, हे खरं. पण तळ फार जड केला की जहाज 'ताठ' होतं, झुकल्यावर फटकन उलट येतं आणि तो फटका मनोऱ्याच्या टोकाला बसतो. खलाशाला आवडेल असं मंद डुलणारं जहाजच मनोऱ्यालाही हवं असतं. कॅरोलाइनच्या १९८३ च्या रॉस रिव्हेंज जहाजावर जवळजवळ ३०० फुटांचा मनोरा चढवला, तेव्हा पोटात काँक्रीट ओतलं होतं. ते किती आणि कुठे ओतायचं, हा निर्णय मनोऱ्याच्या लोखंडाइतकाच मोठा.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). चालू द्या.

मिठागर

मनोरा मनोरा काय लावलंय! मनोरा उभा असतानाही केंद्र बंद पडतं आणि ते पडायचं मिठामुळे.

मनोरा डेकपासून अलग ठेवायला तळाशी चिनी मातीचा इन्सुलेटर. ताणाच्या तारासुद्धा सलग ठेवून चालत नाहीत, नाहीतर त्याच ॲंटेना होऊन बसतात. म्हणून तुकडे करून मध्ये अंड्याच्या आकाराचे इन्सुलेटर घालतात. त्याची रचना हुशारीची आहे: दोन तारांचे फासे एकमेकांत अडकलेले, मध्ये चिनी माती. ती दाबाखाली असते, ताणाखाली नाही. फुटली तरी फासे एकमेकांत अडकून राहतात, मनोरा उभा राहतो.

आता यावर खारे तुषार बसतात. लोकांना वाटतं धो धो पाऊस वाईट. उलट, पाऊस मीठ धुऊन नेतो. वाईट असतं धुकं आणि झिमझिम. मीठ वाहून जाण्याइतकं पाणी नसतं, पण ओलं होण्याइतकं असतं. इन्सुलेटरवर वाहक लेप तयार, की ठिणगी. आणि ही ठिणगी एकदा पेटली की स्वतःहून विझत नाही, ट्रान्समीटरच तिला पोसतो. वर ती गाते. एएमची शक्ती गाण्याबरोबर कमी-जास्त होते, तशी ज्योतही, आणि डेकवर उभं राहून कार्यक्रम ऐकू येतो. ऐकायला गंमत, पण तेवढ्यात चिनी माती तडकते.

उपाय दोन. ट्रान्समीटरला असा रिले की ठिणगी पडल्याबरोबर क्षणभर शक्ती तोडायची, ज्योत विझली की परत द्यायची; श्रोत्याला फक्त टकटक ऐकू येते. आणि रोज गोड्या पाण्याने धुणं, कोरडं पुसणं, वर सिलिकॉन ग्रीसचा हात. गोडं पाणी मात्र किनाऱ्यावरून पुरवठ्याच्या बोटीने यायचं. माणसांची आंघोळ की इन्सुलेटरची, हा प्रश्न जहाजावर खरोखरच पडतो.

चिवडावाला

इन्सुलेटरची. माणसं मायक्रोफोनमधून वास देत नाहीत.

मिठागर

अजून एक राहिलं. कठडे, साखळ्या, क्रेनच्या तारा, सगळं लोखंड मनोऱ्याच्या पायथ्याशीच. जिथे सांधा गंजला तिथे तो डायोडसारखा वागतो आणि मूळ लहरीच्या दुप्पट, तिप्पट लहरींवर कचरा फेकतो. तो जर संकटकाळच्या सागरी संदेशांच्या पट्ट्यात गेला तर सरकारच्या हाती आयतं कोलीत. म्हणून प्रत्येक कठडा जाड तांब्याच्या पट्टीने डेकला जोडायचा, सांधा खरवडून चकचकीत करायचा, वर रंग. दोन महिन्यांनी परत तेच.

वायरमन_अण्णा

सगळे डेकवर उभे, खाली इंजिनघरात कुणी डोकावेल का? १० किलोवॉटच्या एएम ट्रान्समीटरला २० ते ३० किलोवॉट लागतात, ५० च्या ट्रान्समीटरला १०० ते १२५. आणि हा लोड स्थिर नसतो. निवेदक बोलताना कमी, ढोल वाजला की वर. प्रत्येक ठोक्याला जनरेटर दमतो, गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारं यंत्र) डिझेल वाढवतो, तोवर ठोका संपलेला, मग वेग जास्त. याला इंजिनाचं 'हंटिंग' म्हणतात. दिवे गाण्याच्या तालावर मिणमिणतात.

मग लोक म्हणतात, दुप्पट मोठा जनरेटर घ्या. घ्या, पण डिझेल इंजिन महिनोन्‌महिने पाव लोडवर चालवलं की सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होतात, काजळी साठते, तेल पिऊ लागतं. थोडक्यात आगीतून फुफाट्यात.

डिझेलचा हिशोब: एका युनिटला साधारण ०.३ लिटर. १२० किलोवॉट लोड म्हणजे तासाला ३६ लिटर, दिवसाला ८६०, महिन्याला २६ हजार. हे सगळं भर समुद्रात, हलत्या बोटीतून हलत्या जहाजात, होजपाइपने. त्यात टाकीत खारं पाणी शिरलं की इंजेक्टर गेले. टाकीच्या तळाचा नळ रोज सोडून पाणी काढायचं, फिल्टर जोडीने ठेवायचे, एक चालू असताना दुसरा साफ.

शंकासूर

अण्णा, जनरेटर दोन असतात ना? एकाचं तेल बदलायचं तर कार्यक्रम बंद?

वायरमन_अण्णा

नाही. दुसरा चालू करायचा, व्होल्टेज सारखं करायचं, मग दोघांच्या फेजमध्ये दिवे जोडून बघायचे. फ्रिक्वेन्सीत फरक असेल तर दिवे उजळतात-विझतात. हा खेळ मंद मंद होत आला आणि दिवे पूर्ण विझले, त्याच क्षणी स्विच मारायचा. दिवे उजळलेले असताना मारला तर शाफ्टला असा धक्का बसतो की कपलिंग तुटलं तरी नवल नाही. स्विच बसला की लोड हळूहळू नव्यावर सरकवायचा, जुना सोडवायचा. श्रोत्याला पत्ता लागत नाही.

दर्यावर्दी_नाही

यंत्रं अमेरिकन होती ना? त्यांची वीज ६० हर्ट्झची.

वायरमन_अण्णा

बरोब्बर पकडलंत. कॅरोलाइन केंद्राच्या 'कॅरोलाइन' आणि 'मी अमिगो' या दोन जहाजांवर टेक्ससच्या कॉन्टिनेंटल कंपनीचे ट्रान्समीटर, रेडिओ लंडनवर आरसीएचा. अमेरिकेतल्या घरच्या विजेसाठी बनवलेला ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर ५० वर चालवला तर गाभा भरून जातो आणि तापतो. व्होल्टेज सहात एक भाग तरी उतरवावं लागतं. जहाजावर एक सोय असते. जनरेटर आपलाच, त्यामुळे चार पोलच्या जनरेटरला १५०० ऐवजी १८०० फेरे द्या, झालं ६०.

पण मग ५० हर्ट्झसाठी बनवलेली तबकडी-यंत्रं वीस टक्के जोरात फिरणार! त्यांना वेगळी पुली नाहीतर वेगळा पुरवठा. आणि जनरेटरचा वेग तीन टक्के जरी घसरला तरी गाणं अर्ध्या स्वराने उतरतं. काळी चारचं गाणं काळी चार आणि पांढरी पाचच्या मध्ये कुठेतरी लटकतं.

सूरश्री_७८

अण्णा, बाकी मान्य, एक शब्द सोडून. पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्यांतलं अंतर सहा टक्क्यांचं, त्यामुळे तीन टक्के म्हणजे अर्धी पट्टी हे बरोबर. 'अर्धा स्वर' म्हटलं की संगीतवाले वेगळं समजतात.

वायरमन_अण्णा

दंडवत. आम्ही हर्ट्झवाले, पट्टीत तुम्हीच बघा.

ग्रीड_लीक

व्हॉल्व्हच्या (निर्वात नळ्यांच्या) ट्रान्समीटरात अजून एक जागा जहाजावर हमखास दगा देते. उच्च दाबाचा डीसी करायला पाऱ्याच्या वाफेचे रेक्टिफायर असत. त्यांच्या तळाशी सुट्टा पारा असतो. जहाज झुकलं की तो हिंदकळतो, थेंब वर उडून नको तिथे बसतो आणि उलट दिशेने ज्योत पेटते. फ्यूज जातोच, नशीब फुटकं असेल तर ट्रान्सफॉर्मरही. उपाय म्हणजे त्याच सॉकेटात बसणारी झेनॉन वायूची नळी. ८७२ए काढा, ४बी३२ लावा. झेनॉनला ना झुकण्याचं सोयरसुतक ना थंडीचं. नंतर सिलिकॉन डायोडच्या माळा आल्या आणि हा ताप संपला.

रेडिओ लंडनचा आरसीए 'अँप्लिफेज' पद्धतीचा होता. दोन साखळ्या एकाच लहरीवर, पण फेज गाण्याप्रमाणे मागे-पुढे. शेवटी बेरीज केली की एएम तयार. वीज वाचते, मोठा मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर लागत नाही, जहाजावर तेवढं वजन कमी. पण दोन साखळ्यांचा मेळ जरा बिघडला की आवाज फाटतो. अमेरिकन अभियंत्यांनी त्याचं नाव 'अँप्लिफझ' पाडलं होतं. सुरात ठेवायला रोज कुणीतरी स्कोपपुढे (लहर पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रापुढे) बसणारा लागतो.

अस्मिता_श्रोता

अवांतर: १९८४ मध्ये लेझर ५५८ नावाचं चाचे केंद्र होतं ना? ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे आपलं मुंबई ब! 'पाचशे सदतीस पूर्णांक सहा दशांश मीटर्स, म्हणजेच पाचशे अठ्ठावन्न किलोहर्ट्झ.' ऐकूनच सकाळ झाल्यासारखं वाटतं.

मध्यमलहरी

अवांतर कसलं, एकदम विषयात आहे. ५३७ मीटरचा पाव हिस्सा १३४ मीटर. जहाजावर कुठून आणणार?

ग्रीड_लीक

फुगा! खरंच. लेझरच्या कम्युनिकेटर जहाजावर मनोऱ्याऐवजी हीलियमचा मोठा फुगा सोडला आणि त्याला बांधलेली तार हीच ॲंटेना. कागदावर झकास. एक घनमीटर हीलियम जेमतेम एक किलो उचलतं, आणि वारा आला की फुगा वर जायचं सोडून आडवा पळतो. जानेवारीत उत्तर समुद्रात चाचणी, पुढचं सांगायला नको. फुगा गेला. मग दोन डोलकाठ्या उभारल्या, मध्ये आडवी तार ताणली, तिच्या मध्यातून खाली एक तार: इंग्रजी 'टी'सारखी. २४ मे १९८४ ला ५५८ वर नीट सुरू झालं.

आता बघा आखूड ॲंटेनाची किंमत. उंची ३० मीटर धरू आणि वरच्या आडव्या तारेचा पूर्ण फायदा मिळतो असं मानू. प्रक्षेपण रोध येतो जेमतेम ५ ओहम. २५ किलोवॉट घालायचे तर ७१ अँपियर. आणि आखूड ॲंटेनाला जुळवायला जी कॉइल लागते तिच्यात नुसता एक ओहम वाया गेला तरी ५ किलोवॉटची शेगडी! म्हणून कॉइल तांब्याच्या जाड नळीची, सांधे चांदीने डाक दिलेले. तारेच्या टोकाला दाब वीस-तीस हजार व्होल्टच्या घरात. मिठागरांचं मीठ तिथे कसं नाचत असेल, कल्पना करा.

मिठागर

घ्या. मी काय म्हणत होतो!

खडपे_पाटील

एफएम का नाही वापरलं? मनोराच नको.

ग्रीड_लीक

वापरलं होतं. डेन्मार्कचं रेडिओ मर्क्युर, १९५८, चीता जहाज, एफएमच. पण एफएम क्षितिजापर्यंत. ४० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २६ किलोमीटर, घेणाऱ्याची ॲंटेना उंच असेल तर थोडं पुढे. डेन्मार्क-स्वीडनच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत चाललं. लंडनला नसतं चाललं.

तांडेल

सगळ्यांचं ऐकलं. आता माझं मत ऐका, धागाकर्त्याला आवडणार नाही. अवघड काम मनोऱ्याचं नाही, मिठाचंही नाही. नांगराचं.

यादीच बघा. २० जानेवारी १९६६, मी अमिगो वादळात वाहत जाऊन फ्रिंटनच्या किनाऱ्यावर. २ एप्रिल १९७३, व्हेरोनिकाचं नॉर्डर्नाय शेव्हेनिंगनच्या वाळूत. मार्च १९८०, मी अमिगोची साखळी परत तुटली, या वेळी वाळूच्या दांड्यावर आपटून जहाज बुडालंच. नोव्हेंबर १९९१, रॉस रिव्हेंज गुडविन सँड्सवर, माणसांना हेलिकॉप्टरने उचललं. न्यूझीलंडचं रेडिओ हौराकी घ्या, त्यांचं टिरी जहाज १९६८ मध्ये ग्रेट बॅरियर बेटावर खडकात गेलं. मनोरा पडला तर केंद्र काही दिवस बंद. साखळी तुटली तर जहाज जातं.

आणि कारण नेमकं आहे. व्यापारी जहाज नांगरावर दोन-चार दिवस राहतं. हे वर्षानुवर्षं एकाच साखळीवर. भरती-ओहोटीबरोबर जहाज दिवसातून चार वेळा फिरतं, साखळीला पीळ पडतो, तळावर घासणाऱ्या कड्या झिजतात. त्या कड्या दिसतच नाहीत. मापायच्या तर साखळी उचलायची, उचलायची तर इंजिन चालू हवं, नाहीतर त्या वेळात जहाज वाहणार. आणि यांतल्या कित्येकांची इंजिनं धड नव्हती. नांगराजवळ स्विव्हल (फिरता सांधा) घातलं की पीळ कमी होतो, दर काही महिन्यांनी साखळी थोडी आत ओढून झिजणारी जागा बदलली की आयुष्य वाढतं. वर दुसरा नांगर तयार हवा. हे केलं तर.

मध्यमलहरी

तांडेल, पण हे खलाशाचं काम झालं, अभियंत्याचं नाही.

तांडेल

तिथे असा भेद कुठला? सात-आठ माणसं जहाजावर. पंप बंद पडला तर ट्रान्समीटरवालाच खाली उतरणार. मी अमिगो १९२१ चं जहाज, जन्माने शिडाचं. १९७० नंतर त्याचं बूड इतकं पातळ झालं होतं की गळती शोधणं, भोकावर रबर आणि फळी ठेवून पाचर मारणं, वर सिमेंटची पेटी ओतणं, हे नित्याचं काम होतं. सिमेंटला पाण्याखाली लवकर धरायला धुण्याचा सोडा मिसळतात, आणि पेटीतून एक नळी बाहेर काढून ठेवतात, म्हणजे सिमेंट सुकेपर्यंत पाणी त्यातून निघून जातं. सुकलं की नळीला बूच.

वाचनमात्र

बूच! वाखुसाला पण वाखुसा.

ग्रीड_लीक

नावांचा प्रश्न धाग्याच्या शीर्षकात आहे, पण नाव एकही आलं नाही. अभियंता पीटर शिकागो. टोपणनावच, पण त्याच नावाने ओळखला गेला. रेडिओ नॉर्थसीच्या मेबो दोन जहाजावरून आला, १९७० च्या दशकात मी अमिगोवर आणि पुढे रॉस रिव्हेंजवर. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या त्या प्रसिद्ध वादळातून रॉस रिव्हेंजचा मनोरा तगला, पण जायबंदी झाला, आणि २५ नोव्हेंबरला कोसळला. तिथून पुढे दोन आखूड काठ्या आणि आडव्या तारेवर कमी शक्तीने परत सुरू करणं, हे पाना-पकडीचंच कर्तृत्व.

मेबो दोनचा विषय निघालाच आहे तर लहर बदलण्याबद्दल. १९७० मध्ये ब्रिटिश सरकारने रेडिओ नॉर्थसीवर किनाऱ्यावरून गोंगाट सोडला, जॅमिंग. केंद्राने लहर बदलली, गोंगाट मागोमाग. असं काही वेळा झालं. श्रोत्याला वाटतं बटण फिरवलं. प्रत्यक्षात:

नव्या लहरीचा स्फटिक (लहर ठरवणारा क्वार्ट्झचा तुकडा) कापून मागवायचा, तो आला की ओव्हनमध्ये ठेवून तापमान स्थिर होऊ द्यायचं. मग खालच्या शक्तीवर एकेक टप्पा नव्याने जुळवायचा, आधी ऑसिलेटर, मग ड्रायव्हर, मग शेवटचे व्हॉल्व्ह. टँक कॉइलच्या चिमट्यांची जागा हलवायची. मनोरा नव्या लहरीला वेगळा रोध दाखवतो, म्हणून ॲंटेनाच्या पायथ्याची पेटी ब्रिजने (रोध मोजायच्या यंत्राने) मोजून परत बसवायची, आणि ती समुद्र शांत असताना मोजायची, कारण जहाज हललं की काटाही हलतो. शेवटी शक्ती हळूहळू चढवायची, प्रत्येक चढीला ठिणगी कुठे पडते का बघत. घाई केली तर शेवटचे व्हॉल्व्ह लाल होतात, आणि ते किनाऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

स्फटिकाची किंमत कळायची तर जून १९६६ आठवा. शिव्हरिंग सँड्सच्या जुन्या लष्करी मनोऱ्यांवरच्या रेडिओ सिटीवर एक टोळी चढली आणि जाताना स्फटिक घेऊन गेली. नखाएवढा तुकडा, केंद्र मुकं. त्याच भांडणात दुसऱ्या दिवशी केंद्राचे मालक रेज कॅल्व्हर्ट यांचा गोळी लागून मृत्यू झाला. वाद मुळात एका ट्रान्समीटरवरून.

सूरश्री_७८

अरे बापरे. हे माहीत नव्हतं.

अस्मिता_श्रोता

मुंबईचा धागा एवढाच नाही. इस्रायलजवळच्या 'व्हॉइस ऑफ पीस'चे एबी नेथन लहानाचे मोठे झाले ते मुंबईत. इथूनच रॉयल एअर फोर्समध्ये वैमानिक झाले. १९७३ ते १९९३, १५४० किलोहर्ट्झ, चाचे केंद्रांत एवढी लांब खेळी क्वचितच. शेवटी त्यांनी स्वतःच जहाज बुडवलं.

तांडेल

वीस वर्षं टिकलं त्यात भूमध्य समुद्राचाही हात आहे. तिथे भरती-ओहोटी नावालाच, साखळीचा पीळ कमी. उन्हाळे लांब. तरी त्या ट्रान्समीटरवाल्यांना उकाड्याने छळलं असणार. व्हॉल्व्ह थंड करायला बाहेरची हवा आत घ्यायची, ती गरम आणि खारी.

मिठागर

खारी! प्रत्येक प्रतिसादाशेवटी माझाच मुद्दा सिद्ध होतोय. हवेच्या वाटेवर गाळणी दोन थरांची हवी, आणि आठवड्याला आतून सगळं ब्रशने झाडून स्पिरिटने पुसायचं. उच्च दाबाच्या भागावर धूळ आणि मीठ एकत्र आलं की ट्रान्समीटरच्या पोटातच फटाके.

खडपे_पाटील

मग मतदान घ्या. मनोरा, मीठ, डिझेल, नांगर.

वायरमन_अण्णा

डिझेल. बाकी तिघांची दुरुस्ती करायलासुद्धा दिवा लागतो.

मध्यमलहरी

सगळं वाचलं. माझं मत बदलतोय. मनोरा एकदा नीट उभा केला की त्याची अवघड बाजू बरीचशी बांधणीतच संपते; साखळी आणि मीठ कधीच संपत नाही. म्हणून तांडेलला मत.

पण पुरावा माझ्याही बाजूने एक आहे. मार्च १९८० मध्ये मी अमिगो थेम्सच्या मुखाशी बुडालं. शीअरनेसच्या लाइफबोटीने माणसं काढली, पिंजऱ्यातला कॅनरी पक्षीसुद्धा वाचला. जहाज तळाला टेकलं आणि मनोरा पाण्याबाहेर तसाच उभा राहिला. एक नाही, दोन नाही, सहा वर्षं. १९८६ च्या उन्हाळ्यात पडला. सहा हिवाळे कुणी टर्नबकल आवळला नाही की ग्रीस लावलं नाही.

तांडेल

बरोबर आहे. जहाज डुलायचं थांबलं ना!

ग्रीड_लीक

आणि अर्थिंग तर काय, सर्वोत्तम.